वाघजाईच्या वळणावरचा नाका

यज्ञेश्वर भाटे घरी आलेल्या दुधाला आधी नाक लावतात, मग बोट बुडवून चाटतात, आणि मगच ते अनुसूयावहिनींना गॅसवर ठेवता येतं. बँकेतून फोन आला की स्वतःच्याच आवाजात "भाटे बाहेर गेलेत" असं सांगून मोकळे होतात. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, फाटकापर्यंत जातात, परत येतात आणि पुन्हा ओढतात. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला विचारलं, "मठ्ठा आत्ताचा की कालचा?" तो बिचारा म्हणाला, "आत्ताचा." तर हे म्हणतात, "मग एवढा आंबट कसा?" शेवटी नवरीच्या बापाने येऊन हात जोडले.

उभी हयात त्यांनी एसटीच्या मार्ग तपासणी पथकात काढली. वाटेत कुठेतरी बसमध्ये चढायचं आणि प्रवाशांची तिकिटं बघायची, हे काम. मुळात संशयी होते म्हणून ते काम मानवलं, की काम करून करून संशयी झाले, हे वहिनींनाही सांगता येत नाही. त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांना विनातिकीट पकडलं होतं, ही गोष्ट मात्र खरी आहे. सासऱ्यांच्या पासाची मुदत संपली होती, म्हातारा विसरला होता. जावयाने भर बसमध्ये दंडाची पावती फाडली. त्या वर्षी दिवाळीला सासरहून बोलावणं आलं नाही, तेव्हा ह्यांचा संशय पोस्टमनवर!

मी जयमाला. म्हसळ्याच्या शाळेत मराठी शिकवते. अण्णांचा (त्यांना सगळे अण्णाच म्हणतात) मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. तरी त्यांच्यावर लिहायला बसले ती त्यांच्या मुलीच्या सांगण्यावरून. वल्लरी माझी विद्यार्थिनी. "बाई, तुम्ही मला वर्षानुवर्षं निबंध लिहायला लावलेत. आता एक तुम्ही लिहा," म्हणाली.

अण्णांची आणि माझी गाठ पडली ती रॅलीमुळे. रॅली म्हणजे झेंडे नि घोषणा नव्हेत, मोटारींची रॅली. म्हसळ्याच्या मैदानातून सुटते, जंगलातल्या रस्त्यांनी चढते-उतरते, समुद्राला जाऊन भिडते आणि परत मैदानात येते. नव्वदीच्या दशकात शिवदासने ती सुरू केली. म्हसळ्यात त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तेव्हापासून आजतागायत रॅलीचा सेक्रेटरी तोच. रस्ता आखायला तो एका डॉक्टर मित्राला घेऊन जुन्या फियाटमधून निघाला. डॉक्टर गाडी चालवत होते आणि शिवदास मांडीवर कागद घेऊन प्रत्येक मोरी, प्रत्येक फाटा टिपून घेत होता.

आता आमच्या ह्या किनाऱ्याला कागद घेऊन फिरणारा माणूस दिसला की समजायचं, कुणाची तरी जमीन गेली. हे आम्ही अनुभवाने शिकलोय. गाडी हळू चालते, आतला एक माणूस डोंगराकडे बघतो, दुसरा लिहितो. म्हणजे एजंट, दुसरं कोण? खिंडीखालच्या वाडीत बातमी पोचली आणि बायाबापड्या रस्त्यात येऊन बसल्या. कुणीतरी फियाटच्या चाकांतली हवा सोडली. त्याच वेळी मागून एसटी आली आणि तिच्यातून तरणेबांड यज्ञेश्वर भाटे खाली उतरले. वाडीला वाटलं, सरकारी माणूस आला, बरं झालं.

अण्णांनी शिवदासला मोरीच्या कठड्यावर बसवला आणि उलटतपासणी घेतली. कुठले, कुणाचे, कशाला आलात. मग कागद मागितला. वाचला. 'मोरी. डावीकडे फणस. उजवा फाटा. देवीचा चौथरा.' पुन्हा वाचला, उलटा करून पाठची बाजूही बघितली.

"ह्यात गट नंबर कुठेय?" त्यांनी विचारलं.

"गट नंबर कशाला? आम्ही मोटारींची रॅली करतोय."

अण्णा वाडीकडे वळून म्हणाले, "सोडा ह्यांना. जमीन घेणारा माणूस फणस मोजत नाही. हे नुसते वेडे आहेत."

वाडीने हवा भरायचा पंप आणून दिला. जाताना शिवदासने अण्णांना विचारलं, "साहेब, तुम्ही आमच्या बाजूने याल का?" कारण त्याला हवा होता तो माणूस नेमका हाच होता.

ते का, हे सांगायचं तर रॅलीचा नियम सांगायला हवा. ही वेगाची शर्यत नाही. जंगलात गाड्या उडवायला वनखातं परवानगी देईल काय? प्रत्येक गाडीला वेग ठरवून दिलेला असतो, आणि त्या वेगाने गेलं तर कुठल्या ठिकाणी केव्हा पोचायचं हेही ठरतं. उशीर झाला तर गुण जातात, लवकर पोचलं तरी जातात. तपासायला रस्त्यात गुप्त नाके असतात. झाडाआड दोन माणसं घड्याळ घेऊन बसतात आणि गाडी समोरून गेल्याची वेळ टिपतात. नाका कुठे आहे हे गाडीवाल्यांना कळू द्यायचं नाही. कारण कळलं की लवकर आलेला माणूस अलीकडेच गाडी उभी करून ठेवतो, बिडी ओढतो आणि बरोबर वेळेवर नाक्यासमोरून साळसूदपणे जातो. म्हणून पहिल्या वर्षापासून नियम आहे: एकदा जंगलात शिरलं की बाहेर पडेपर्यंत गाडी थांबवायची नाही. थांबलेली दिसली की दंडाचे गुण.

झाडाआड लपून दुसऱ्यावर संशय घ्यायचा, तोही बिनपगारी! अण्णांना स्वर्ग दोन बोटं उरला. ऐन तारुण्यात ते ह्या नादाला लागले ते लागले. फियाट आणि जीप गेल्या, मारुत्या आल्या, मग मुंबई-पुण्याहून रुंद टायरांच्या गाड्या यायला लागल्या. अण्णा आपले कारवीच्या झुडपाआड उभे. नंबराची पाटी बदलून एकाच्या जागी दुसरी गाडी पळवणारे त्यांनी पकडले. गुराख्याला बिस्किटं देऊन नाक्याची जागा काढून घेणारे पकडले. बिस्किटं खाणाऱ्या गुराख्यालाही पकडलं. निसर्ग वादळात सुपारीच्या बागा झोपल्या, त्यात त्यांची अर्धी बाग गेली, जंगलातला रस्ता झाडांखाली गाडला गेला, रॅली बंद पडली. पुन्हा सुरू झाली तेव्हा रस्ता मोकळा करायला वाड्यावाड्यांतून माणसं आली, आणि अण्णा त्यांच्यात फिरून कोण कोयती न चालवता नुसता उभा आहे ते बघत होते.

मी ह्यात ओढली गेले, कारण रॅली आमच्या शाळेच्या मैदानातून सुटायची आणि मुख्याध्यापकांनी मला घोषणा करायला बसवलं. तिथून शिवदासने मला उचललं आणि अण्णांच्या नाक्यावर नेऊन ठेवलं. पहिल्या दिवशी अण्णांनी माझं घड्याळ तपासलं, मग डबा, मग विचारलं, "बाई, भाग घेणाऱ्यांत तुमचे नातेवाईक किती?" मी म्हटलं, "एकही नाही. आमच्यात मोटारी घेणारे आत्ता कुठे व्हायला लागलेत." ते जरा वरमले. तेव्हापासून दरवर्षी मी घड्याळाशी आणि ते रस्त्यावर नजर ठेवून, अशी आमची जोडी ठरून गेली.

आता वाघजाईचं सांगते. खिंडीच्या माथ्यावर वळणाला देवीचा चौथरा आहे. आमच्या भागातली कुठलीही गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. ड्रायव्हर हात जोडतो, उतारू खिडकीतून हात जोडतात, मग गिअर पडतो. एसटीसुद्धा थांबते. आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, देव नाहीत. मी हात जोडत नाही. पण गाडी थांबते तेव्हा मीही गप्प बसते. बाहेरून येणाऱ्यांना ह्यातलं काही माहीत नसतं. चौथऱ्याची झाडलोट वेणूबाई करते आणि फुलं-नारळ विकते. रॅलीचा पहिला नारळ दरवर्षी तिच्याकडचाच फुटतो.

गेल्या वर्षी माघात अण्णांनी ठरवलं, आपला नाका वाघजाईच्या वळणावर लावायचा. आजवर तिथे कुणी लावला नव्हता. "का?" मी विचारलं. "देवीसमोर कोण कुणावर पाळत ठेवील, असं सगळ्यांना वाटतं म्हणून," अण्णा म्हणाले. जागा तिघांनाच माहीत: अण्णा, मी आणि शिवदास.

त्या वर्षी वल्लरी पहिल्यांदाच उतरली होती. ती अलिबागला बँकेत आहे. गाडी ती चालवणार आणि शेजारी बसून आकडेमोड करायला तिची मैत्रीण आश्लेषा. बायकांची आपल्याकडची पहिलीच जोडी. रॅली आमची, रस्ता आमचा, आणि पहिला कप मात्र सालोसाल पुण्याला नाहीतर मुंबईला जायचा. त्यामुळे साऱ्या तालुक्याचा जीव त्या निळ्या गाडीत अडकला होता. मुलगी उतरतेय तर बापाने नाक्यावर असावं का, असं शिवदासने चाचरत विचारलं. बाकीचे सगळे हसले. सासऱ्याला पावती फाडणारा माणूस, त्याच्यावर कोण शंका घेणार?

रॅलीच्या सकाळी मी ऐनाच्या बुंध्याआड प्लास्टिकच्या खुर्चीवर घड्याळ घेऊन बसले. अण्णा माझ्या अलीकडे, कारवीत, चौथरा दिसेल असे उभे. गाड्या येऊ लागल्या. पुण्याची आली, फार थोडी चुकली. मुंबईची उशिरा आली. मग निळी गाडी वळणावर दिसली, हळू झाली आणि चौथऱ्यासमोर उभी राहिली. वल्लरीने काच खाली केली, हात जोडले. थोडा वेळ तशीच. मग गिअर टाकला आणि माझ्यासमोरून गेली ती अगदी काट्यावर काटा. जेव्हा जायला हवी तेव्हाच. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

अण्णा कारवीतून बाहेर आले. चेहरा बसमध्ये चढताना असायचा तसा.

"बाई, जागा कुणाला सांगितली होतीत?"

"म्हणजे?"

"तिघांनाच ठाऊक होती. मी घरात ब्र काढला नाही. शिवदासला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही. राहिलं कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, ती माझी विद्यार्थिनी आहे म्हणून मी जागा फोडीन? आमच्या घरात देवीला नारळ फोडायची रीत नाही, तशी खोटं बोलायचीही नाही!"

"मी आरोप केला नाही. विचारलं."

"तुम्ही विचारता तो आरोपच असतो. आणि पोरीने देवीला हात जोडले तर त्यात तुम्हाला काय दिसलं? इथे सगळेच थांबतात. तुम्हीच लहानपणापासून तिला शिकवलंत ना?"

त्यांनी वॉकीटॉकी उचलून शिवदासला कळवलं, "वल्लरीची गाडी वाघजाईपाशी थांबली." बस्स. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही आणि माझ्या डब्यातली भाकरीही दिली नाही.

दुपारी हिशेब लागला. दंडाचे गुण धरले तर पुणे पहिलं आणि वल्लरी पार खाली. नाही धरले तर वल्लरी पहिली. मैदानातल्या मांडवात कमिटी बसली. ही बातमी खिंडीत कुणी पोचवली देव जाणे, पण वेणूबाई एका टेम्पोत बसून थेट मांडवात हजर.

"मी बघितली ना पोर!" ती शिवदासवर कडाडली. "हात जोडून उभी व्हती. देवीसमोर थांबली त काय चोरी केली? तुमचा नियम मोठा का माझी वाघजाय? सांगा, हाय का तुमच्यात कोणाची छाती?"

कुणाचीच नव्हती. शिवदास अण्णांकडे वळला. "अण्णा, हात जोडले ना तिने?"

"जोडले."

"मग झालं तर. आणखी काही पाहिलंत?"

अण्णांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "काही नाही," म्हणाले.

इतक्या वर्षांत "काही नाही" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. नेहमी काही ना काही असायचंच. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माणसाने घास तोंडात धरून ठेवावा तसा चेहरा होता. संशय हा संसर्गजन्य असावा, कारण मला पहिल्यांदाच यज्ञेश्वर भाट्यांचा संशय आला.

कमिटीने दंड माफ केला. पुण्याच्या जोडीनेही मोठ्या मनाने मान डोलावली. देवीपुढे कोण वाद घालणार! वल्लरीला कप मिळाला, हलगी वाजली, शाळेची पोरं नाचली. अण्णा बक्षिसाला थांबले नाहीत. डोकं दुखतंय सांगून मधल्या गाडीने घरी गेले. सगळे म्हणाले, बघा, पोरगी जिंकली तरी ह्याचं तोंड कडूच.

संध्याकाळी वल्लरी मला म्हणाली, "बाई, घरी चला. आई पुरणपोळ्या करतेय." मी गेले, पण पुरणपोळ्यांसाठी नाही. मला अण्णांकडून माफी हवी होती. आश्लेषा वाटेत तिच्या घरी उतरली. बोर्लीजवळ भाट्यांचं घर आणि वादळातून वाचलेली बाग आहे. अण्णा अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या हाताने खालीवर करत होते. वल्लरीने कप पायरीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर पेढ्यांचा पुडा धरला.

"बाबा, बक्षिसाला का नाही थांबलात?"

अण्णांनी पेढा घेतला नाही. सुपाऱ्यांकडे बघतच म्हणाले, "हात जोडलेस तेव्हा तू घड्याळाकडे बघत होतीस."

वल्लरी हसली. "हात जोडले की घड्याळ डोळ्यांसमोर येणारच. मनगटावरच असतं ना ते."

"म्हणून तर विचारतो. देवीकडे बघत होतीस की घड्याळाकडे?"

"अहो, आजच्या दिवशी तरी पुरे करा," अनुसूयावहिनी दारातून म्हणाल्या. मीही तोंड उघडणार होते. पण वल्लरी हसायची थांबली होती. तिने पुडा खाली ठेवला.

"लवकर आले होते," ती म्हणाली. "उताराला मी गाडी जास्त सोडली. आश्लेषा ओरडत होती, हळू घे, हळू घे. ऐकलं नाही. खिंडीत आले तेव्हा सगळं हातचं गेलं होतं. मग थांबले. कुणी पाहिलंच तर देवी होती."

"आणि नाका तिथे आहे हे कुणी सांगितलं?" हे विचारताना अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कुणी कशाला सांगायला हवं? जन्मभर तुम्ही बसमध्ये तिथेच चढलात. बस देवीला थांबायची, माणसं हात जोडायची, आणि तुम्ही दारातून आत. शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची. तुम्ही नाका लावणार तो दुसरीकडे कुठे लावणार, बाबा?"

मला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझ्यावरचा आळ गेला होता. पण आठवलं ते भलतंच. सातवीत ही पोर कॉपी करणाऱ्या मैत्रिणीशी महिनाभर बोलली नव्हती.

वल्लरी बापाकडे बघत होती. "तुम्ही तिथेच ओळखलंत?"

"हो."

"मग कमिटीपुढे का नाही बोललात?"

अण्णा पुन्हा सुपाऱ्या खालीवर करायला लागले.

"मला का सोडलंत?" तिचा आवाज चढला. मी शाळेत तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आता ती रडत होती आणि चिडलीही होती. "आजोबांना सोडलं नाहीत. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांना सोडलं नाहीत. पोरं बोलायची तेव्हा मी एकच सांगायची, माझे बाबा सगळ्यांना सारखे. मी पकडली गेले असते तर मला चाललं असतं. मला का सोडलंत?"

"वाटलं, आपलंच चुकत असेल," अण्णा हळू म्हणाले. "एवढी वर्षं सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर एकदा विश्वास ठेवून बघावं म्हटलं."

"मग बक्षिसाला थांबायचं होतंत!"

"विश्वास ठेवला होता. टाळ्या वाजवण्याइतका बसला नव्हता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वल्लरीने डोळे पुसले, पायरीवरचा कप उचलला आणि गाडीकडे चालायला लागली. अण्णांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि तिच्या मागोमाग जाऊन शेजारी बसले. मी मागच्या सीटवर. मला माझी माफी अजून मिळाली नव्हती.

म्हसळ्यात शिवदासच्या ओटीवर कमिटीतली मंडळी चहा पीत बसली होती. वल्लरी कप घेऊन पायऱ्या चढली. "शिवदासकाका, मला सांगायचंय की मी—"

अण्णांनी तिच्या हातातून कप काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"हा परत घे, शिवदास. मला तुमचा निकाल मान्य नाही. थांबली म्हणजे थांबली. देवी असो नाहीतर देवीचा बाप."

 मग शिवदास उसळला. "अरे, तू माणूस आहेस की कोण? कमिटीने माफ केलं, पुणेवाल्यांनी माफ केलं, तुझ्या पोटची पोर आहे ती! तिच्या हातातून कप ओढून आणलास?"

"नियम सगळ्यांना एकच."

"काका, तसं नाहीये," वल्लरी म्हणाली, "मीच—"

"तू गाडीत जाऊन बस!" अण्णा ओरडले. बसमध्ये हुज्जत घालणाऱ्याला खाली उतरवताना लावत असतील तो आवाज. वल्लरी जागची हलली नाही. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ह्या खेपेला आवाज पार खाली आणून म्हणाले, "जा. माझं ऐक." तेव्हा ती गेली.

मग अण्णा म्हणाले, "बाईंना विचार. बाई होत्या तिथे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही, हे मी सकाळीच ठणकावून सांगितलं होतं. आता ह्या माणसाने मला बरोबर कोंडीत धरलं होतं.

"गाडी थांबली होती," मी म्हटलं. तेवढं तर खरं होतं.

शिवदासने कप आत नेऊन ठेवला. "भाटे, उद्यापासून नाक्यावर येऊ नकोस," तो म्हणाला. अण्णा "बरं" म्हणाले आणि पायऱ्या उतरले. उतरता उतरता मला म्हणाले, "बाई, तुमच्यावर घेतला तो संशय खोटा होता. माफ करा." जी माफी चार गोष्टी सुनावून घ्यायची असं मी सकाळपासून मनात घोळवत होते, ती अशी अंधारलेल्या पायरीवर मिळाली.

वल्लरीने नंतर बऱ्याचदा खरं सांगायचं ठरवलं. दर वेळी अण्णांनी तिला शपथ घातली. तिची बँकेतली नोकरी, उद्याचं लग्न, आणि एकदा नावाला डाग लागला की आमच्या गावातून तो जात नाही, हे ते तिला ऐकवायचे. ह्या वर्षी ती पुन्हा उतरली, कुठेही न थांबता गेली आणि मधल्या नंबरात आली. खिंडीत नाका लावायचा नाही आणि देवीपाशी कुणीही थांबावं, असा नवा नियम शिवदासने केला आहे. अण्णांना बोलावणं नव्हतं. शेवटी तीच मला म्हणाली, "शपथ मला घातली आहे, बाई. तुम्हाला नाही."

परवा मी आणि अण्णा म्हसळ्याच्या बाजारात भेटलो. वहिनींच्या औषधांसाठी आले होते. केमिस्टच्या दुकानापुढे रॅलीतली दोन माणसं उभी होती. एकाने अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्याला सांगितलं, "हाच तो. पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही." दुसरा बाजूला थुंकला.

मी तरातरा त्यांच्याकडे निघाले होते. अण्णांनी माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरला.

"ऐकलंत?" ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मात्र उजळला होता. "कुणालाही संशय नाही."